बांधापलीकडच्या भावजींना, भुंग्याबद्दल

॥ श्री कानिफनाथ प्रसन्न ॥

रा. रा. बन्सी भावजी यांस, मुक्काम बांधापलीकडे,

वहिनीचे अनेक आशीर्वाद. (आपलं बोलणं बंद आहे, आशीर्वाद बंद नाहीत. थोरलेपण काही वाटणीत गेलं नाही, ते माझ्याकडेच राहिलं.) इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुम्ही कसे आहात हे विचारायची रीत आहे म्हणून विचारते, बाकी तुमच्या दारातलं सगळं आमच्या ओट्यावरून दिसतं. माझ्या जावेचा, विजयमालाचा, गुडघा पुन्हा धरलाय हे तिच्या चालीवरून कळलं. तिला म्हणावं, एरंडाचं पान गरम करून बांध आणि उकिडवं बसून भांडी घासणं सोड. तुमची शेळी व्याली तेही पाहिलं. करडं गोजिरवाणी आहेत, मालकावर गेली नाहीत.

आता म्हणाल, हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या माणसाला पत्र कशाला? तर निकिताच्या हाती दिलं असतं तर तुम्ही पुतणीला चहा पाजला असता, खायला दिलं असतं आणि पत्र न उघडता परत पाठवलं असतं. बांधावरून ओरडून सांगावं तर सगळी वस्ती कान टवकारून बसलेली. म्हणून पोस्टाने पाठवते. इथून पाथर्डीला जाईल, तिथून फिरून पोस्टमन तुमच्याच दारात आणून देईल. सरकारी शिक्का बघितला की तुम्ही काहीही उघडता हे मला माहीत आहे.

तुमच्या थोरल्या बंधूंच्या अंगावरून वारं गेल्यापासून त्यांचा उजवा हात कसा झालाय हे तुम्हाला ठाऊक आहे. (दवाखान्याच्या पायरीपर्यंत येऊन तुम्ही परत गेलात, ते मला तिथल्या आयाबाईने सांगितलं. वर आला असतात तर काय पायाची मेंदी पुसली असती?) हात खांद्यातून उचलतो, पण बोटं मिटत नाहीत. क्लारनेटची भोकं बोटांनी झाकायची असतात, ती झाकणार कशी? ज्या माणसाने पाथर्डीपासून खर्ड्यापर्यंत नवरदेव नाचवले, तो माणूस क्लारनेट पेटीत ठेवून भिंतीकडे बघत बसला. बोलणंही कमी झालं. जेवलात का म्हटलं तर मान हलवायची. भावजी, खरं सांगते, मला त्या मानेची भीती वाटायला लागली होती.

तर आमची निकिता. नगरला (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण माझ्या जिभेला अजून वळण लागायचंय) इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करते, ते तुम्हीच तिचं नाव घालायला गेला होतात तेव्हापासून तुम्हाला माहीत आहे. सुट्टीला आली ती पोतंभर वायरी घेऊन. माझा पोळपाट गेला, देव्हाऱ्यामागची फळी गेली, जुन्या रेडिओचं पोट फाडलं, आणि त्यातून तिने एक पेटी उभी केली. पेटीच्या एका बाजूला उभी दांडी, दुसऱ्या बाजूला वाकवलेली कडी. दांडीजवळ हात नेला की सूर चढतो, लांब नेला की उतरतो. दुसरा हात कडीवर धरायचा, त्याने आवाज लहानमोठा होतो. आणि कशालाच शिवायचं नाही! भावजी, नुसत्या हवेत हात हलवायचा आणि हवेतून गाणं यायचं! मी हातातलं पीठ तसंच घेऊन उभी राहिले. पहिल्यांदा नारळ फोडला, मग पोरीची दृष्ट काढली. सातवी शिकलेल्या बाईच्या पोटी ही कुठून आली म्हणून मी तिच्याकडे अजून बघतच असते.

ह्यांच्यासाठीच केली होती तिने. बोटं नकोत, दाबणं नको, नुसता हात उचलायचा. पण पेटी चालू केली की गाण्याच्या आधी एक भुंगा. घूंऽऽऽ. निकिता त्याला 'हम' म्हणते. मधमाश्यांचं पोळं पोत्यात घालून ठेवल्यासारखा एकसारखा आवाज, कमी नाही, जास्त नाही. आणि ह्यांनी पहिल्या दिवशीच हात खाली घेतला. पेटीजवळ खुर्ची ओढली, मान वाकडी केली आणि ऐकत बसले. आम्ही बंद करायला गेलो तर पंजा वर. म्हणाले, "थांब. ऐकतोय." झालं! आम्ही समजलो, बाप मोठा सूरवाला, त्याला हा भुंगा खपत नाही. भुंगा गेल्याशिवाय हा माणूस वाजवायचा नाही.

मग आमची वरात निघाली. अडॅप्टर बदलला, भुंगा तोच. ट्यूबलाईट काढली आणि आम्ही अंधारात एकमेकींच्या पायावर पाय दिले, भुंगा तोच. फ्रीज बंद केला, दूध नासलं. पेटीला आतून डब्याचा चंदेरी कागद गुंडाळला, ती लग्नातल्या सुपारीसारखी दिसायला लागली, पण भुंगा तोच. मोटारसायकलची बॅटरी आणून लावली, तरी जमिनीची वायर जोडली की हजर. आणि ती वायर काढावी तर सूर पिसाळलेल्या कालवडीसारखा कुठेही धावतो. निकिता म्हणते, हवेत हलणाऱ्या हाताला जमिनीचा आधार लागतोच. शेवटी भिमाजी वायरमनला बोलावलं. त्याने चहा घेतला, तंबाखू मळली, पेटीकडे लांबूनच बघितलं आणि म्हणाला, "वैनी, अर्थिंगचा खड्डा वाळलाय. मीठ-कोळसा घाला आन् पानी सोडा. आपल्याकडं जमीनच कोरडी, करंट जाईल कुठं?"

पाणी सोडा म्हणे! पाथर्डी तालुक्यात उन्हाळ्यात खड्ड्याला पाणी पाजायचं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. आलेल्या टँकरमधल्या घागरी मी बांधावरच्या त्या खड्ड्यात ओतल्या. बायका बघत होत्या, एकीने विचारलंसुद्धा की तिथे कोणतं झाड लावलंय. मीठ ओतलं, कोळसा ओतला. आणि भावजी, भुंगा दुप्पट झाला! रोग हाल्याला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात ते हेच. शिवाय आपली म्हैस त्या ओल्या जागेवर पाय ठेवीना. मी तिला शिव्या घालत ओढायला गेले आणि अनवाणी पायाला अशा झिणझिण्या आल्या की मी म्हशीच्या आधी गोठ्यात पोचले. म्हैस मुकी खरी, पण अक्कल तिला आपल्या दोन्ही घरांपेक्षा जास्त.

उलगडा झाला तो तुम्ही दोघं लेकीच्या डोहाळजेवणाला कोपरगावला गेलात त्या दिवशी. तुम्ही जाताना मेन स्विच पाडून जाता (वीजबिलाच्या बाबतीत तुमची ख्याती आहे). तुमची जीप वळणावरून दिसेनाशी झाली आणि इकडे भुंगा थांबला. म्हणजे जसा कोणी तोंडावर हात ठेवावा तसा! निकिता पेटी सोडून उठली, बांधाकडे पळाली आणि डोक्याला हात लावून परत आली. वादळात तुमची न्यूट्रलची, म्हणजे वीज परत नेणारी, तार तुटली, ती जोडून घ्यायचं सोडून तुम्ही वायरीचं टोक सरळ अर्थिंगच्या खड्ड्यात खोचलंत. वाटणीत आपण विहीर वाटली, गोठा वाटला, बॅण्डचं सामान वाटलं, बोरीच्या झाडावरून तर बोलणंच टाकलं. पण तो खड्डा कोणाच्या डोळ्यांवर आला नाही, म्हणून दोघांचा राहिला. तुमच्या घरातली सगळी वीज त्या खड्ड्यातून जमिनीत उतरते आणि आमच्या पेटीत येऊन घुमते.

आता पुढचं नीट वाचा. भुंगा थांबला तेव्हा हे खुर्चीवर होते. घर इतकं शांत झालं की चुलीतली राख बसलेली ऐकू यावी. ह्यांनी हात उचलला. बोटं तशीच वाकडी, पण हात दांडीकडे गेला आणि सूर निघाला. क्लारनेटचा नव्हे, कशाचाच नव्हे, बाई आतल्या आत हुंदका गिळते ना, तसा. मग त्या सुरातून वरातीची चाल निघाली, पण सावकाश, जशी सासरी जाणाऱ्या मुलीलाच ऐकू यावी. मी उंबऱ्यावर बसले. हवेतून वाजत होतं हो! माझ्या नवऱ्याचा मेलेला हात हवेतून गाणं काढत होता, आणि मला कोणाच्या पाया पडावं ते कळेना, देवाच्या, पोरीच्या, की त्या विजेच्या. मी तिघांच्याही पडले.

आणि मग त्यांनी हात खाली घेतला. चाल अर्धीच. माझ्याकडे बघून विचारलं, "बन्सी कुटं गेलाय?"

मी म्हटलं, तुम्हाला कसं कळलं? तेव्हा एवढ्या दिवसांत पहिल्यांदा हा माणूस सलग बोलला. सकाळी मोठा घर्र होतो ती बन्सीची मोटर. मग तुटक तुटक येतं ते विजयमालाचं मिक्सर. संध्याकाळी बारीक किरकिर सुरू झाली की टीव्ही लागला. मधेच भुंगा जड झाला की इस्त्री, म्हणजे भाऊ कुठेतरी निघालाय. भावजी, आम्ही भुंगा घालवायला जिवाचं रान करत होतो आणि हा माणूस रोज खुर्ची ओढून तुमचं घर ऐकत होता. मी दुसऱ्या दिवशी स्वतः कान लावला. खरंच ऐकू येतं. तुम्ही चहा टाकलात की नाही एवढं फक्त कळत नाही.

तुम्ही परत आलात, स्विच टाकलात, भुंगा सुरू झाला. "आला," म्हणाले, आणि दोन भाकरी खाल्ल्या. पेटीला हात लावला नाही. मला राग आला, रडू आलं, आणि भाकरी खाल्ल्या म्हणून बरंही वाटलं. तर असं आहे. तुम्हाला कळवावं म्हणून कळवलं, मागणं काही नाही.

विजयमालाला आशीर्वाद, लेकीच्या पोटातल्याला आगाऊ आशीर्वाद.

तुमची (नात्याने, बाकी कशानेही नाही)
वहिनी, आक्काबाई

ता. क. — मागणं आहे. भुंगा असला की हे नुसते ऐकतात, भुंगा नसला की काळजी करतात, वाजवत कधीच नाहीत. मी सगळ्या बाजूंनी विचार केला. तुमच्या घरची लाईट बंद पाहिजे आणि तुम्ही आमच्या घरात पाहिजे. येत्या रविवारी मेन स्विच पाडा आणि समोर येऊन बसा. अर्धी राहिलेली चाल मला पुरी ऐकायची आहे.

ता. क. दुसरा — बोलायची गरज नाही. बोरीचं झाड माझं ते माझंच. बसायला पाट देईन, चहा देईन, तोंड दुसरीकडे करून देईन.

ता. क. तिसरा — पत्र निकिताने वाचलं. ती म्हणते, आई, एवढं कशाला, काकांनी तुटलेली न्यूट्रल जोडून घेतली तर भुंगा कायमचा जाईल, म्हैस वाचेल, आणि काका आपल्या घरी टीव्ही बघत बसले तरी आप्पांना वाजवता येईल. पोरगी हुशार आहे, तिचं खरं आहे. तार जोडून घ्याच, नाहीतर एक दिवस कोणाचा तरी जीव जाईल. पण भावजी, भुंगा गेल्यावर तुम्ही घरी आहात की नाही हे ह्यांना कशावरून कळायचं? ते रोज सकाळी बांध ओलांडून तुम्हालाच येऊन सांगावं लागेल.