दुसऱ्याने मागितलेली माफी

३ मे २००८, शनिवार

पियूष गेला देवासहून पुण्याला. दोन महिन्यांचं ट्रेनिंग, हॉस्टेलवर नेट नाही. जाताना मुलगा आईला काय सांगतो? 'गुडघ्याला तेल लाव' नाही, 'दगदग करू नकोस' नाही. 'आई, मेरे गाव को देखना हं!' म्हणे. कॉम्प्युटरवरच्या खेळातलं गाव! रोज दोनदा उघडायचं, शेतं वाढवायची, धान्य संपू द्यायचं नाही, नाहीतर सैनिक उपाशी मरतात. आणि कुणाशी बोलायचं नाही. पासवर्ड कॅलेंडरमागे लिहून ठेवलाय.

उन्हाळ्याची सुट्टी लागून तीन दिवस झाले. शाळेतली चाळीस पोरं सुटली, तर ही चारशे सैनिकांची खानावळ गळ्यात.

५ मे

सकाळी सहा ते दहा लाइट नाही. दहाला उघडलं तर तीस सैनिक मेलेले. उगीचच वाईट वाटलं. यांना सांगितलं. "तेवढाच स्वयंपाक वाचला," म्हणाले आणि डबा घेऊन शिफ्टला गेले.

९ मे

आज खेळातले निरोप उघडले. पियूषचा एक कंपू आहे, चाळीसेक जणांचा. देवास, धार, इंदूर, कुठकुठले. धान्य उशिरा पाठवलं की आईवर शिवी. लढाई हरली की बहिणीवर. जिंकली तरी आहेच! तिसरीच्या वर्गात कुणी नुसतं 'साला' म्हटलं तर मी बाकावर उभं करते. इथे खाली बसलेलं कुणी दिसलंच नसतं.

डोकं उठलं. बंद करून पडून राहिले.

१० मे

पाठवलेले निरोपही दिसतात. पियूषने पाठवलेले. वाचले.

आज एवढंच.

११ मे

लिहूनच टाकते. 'नेमावरवाला' नावाच्या कुणालातरी आमच्या चिरंजीवांनी आठ निरोप पाठवलेत. कारण काय, तर एका लढाईत त्याचं धान्य वेळेवर आलं नाही. त्याच्या आईबद्दल जे लिहिलंय ते मी या वहीतसुद्धा उतरवणार नाही. मग त्याला कंपूतून काढून टाकलं. त्या माणसाचं उत्तर एकच, तेही भाऊ म्हणून — 'भिया, लाइट नहीं थी. सुबह से नहीं थी.'

लाइट नव्हती! आमच्याकडेही नसते. पियूषला माहीत नाही का?

माझ्यासमोर कधी 'यार'सुद्धा म्हणत नाही हा मुलगा. असं ज्यांना लिहिलंय ती माणसं मोजली. अकरा.

१२ मे

माझ्या वर्गाचा एक नियम आहे. शिवी दिली की ज्याची त्याने, स्वतःच्या तोंडाने माफी मागायची. मित्राने मागितलेली चालत नाही. आईने मागितलेली तर मुळीच नाही. पियूष तिसरीत माझ्याच वर्गात होता, त्यालाही सूट नव्हती.

आणि आज बाईंनी काय केलं? त्याच्या नावाने अकरा जणांना लिहिलं — 'मुझसे गलती हुई. आप माफ कीजिए.' इंग्रजी अक्षरांत, एका बोटाने. दोन तास लागले. पाठ धरली.

१५ मे

नऊ जण गप्प. एकाने परत शिवी पाठवली. नेमावरवाल्याने विचारलं — 'तबीयत तो ठीक है, भिया?'

किती दिवसांनी मोठ्याने हसले!

२४ मे

कंपूत मी लिहिलं, 'कृपया गाली मत दीजिए.' तासाभरात मलाच काढून टाकलं आणि जेवणं होईपर्यंत गाव लुटून नेलं. कोठार रिकामं. पियूषला काय सांगू? त्याने दोन वर्षं घालवून उभं केलेलं, मी तीन आठवड्यांत घालवलं.

चार वाजता पाहिलं तर धान्याच्या गाड्या येताहेत. नेमावरहून! बरोबर एक ओळ — 'पहले फौज को खिलाओ.'

मी विचारलं, 'आपने खाना खाया?' शाळेतल्या पोरांना विचारायची सवय, दुसरं काय.

३ जून

आता आमचा तिघांचाच कंपू. नेमावरवाला म्हणजे उमाशंकर. नर्मदेच्या घाटावर नारळ-प्रसादाचं दुकान, शेजारीच नेटचं दुकान. तिसरी धारची अवंती, भावाच्या नावाने खेळते. मुलगी आहे कळलं की काय काय लिहून येतं म्हणे! आम्हा दोघांना तिने विश्वासाने सांगितलं.

लाइट गेली की मिस्ड कॉल द्यायचा, मग दुसऱ्याने आपल्या खात्यातून त्याचं गाव सांभाळायचं. देवासची सकाळी जाते, नेमावरची दुपारी, धारची लहर लागेल तेव्हा. फोन उचलायचा नाही, त्यामुळे माझंही निभावतं. दोघं मला पियूषच समजतात. मला त्याचा त्रास होतो. पण खरं सांगितलं आणि हेही गेले तर?

रोज विचारतात, 'खाना खाया?' या घरात मला हे कुणी विचारून किती वर्षं झाली!

१७ जून

शाळा सुरू झाली. घरी येऊन चप्पल काढतेय तर फोन वाजला. सवयीने उचलला. "हॅलो, कोण?" आणि मग आठवलं. तिकडे उमाशंकर. आता कसलं लपवायचं! म्हटलं, "मैं पियूष नहीं हूँ. उसकी माँ हूँ. माफी भी मैंने ही माँगी थी."

"मालूम है जीजी," म्हणाला, थोरल्या बहिणीला म्हणावं तसं. "पियूष ने कभी पूछा था क्या, खाना खाया?"

"फिर भी धान्य भेजते रहे?"

"आपकी माफी भी चलेगी, जीजी."

पायरीवरच बसून रडले. हे कामावर होते ते बरं.

५ जुलै

पियूष आला. बॅग उघडायच्या आधी कॉम्प्युटर उघडला.

"आई, तूने मेरे नाम से माफी माँगी? सब हँस रहे हैं मुझपे! क्लॅन से भी निकलवा दिया!"

म्हटलं, "आणि तू त्यांच्या आयांबद्दल लिहिलंस ते?"

"गेम में सब ऐसेच बोलते हैं. खरंच थोडी कोणी म्हणतं!"

"ज्याला लिहिलंस त्याने खरंच वाचलं, पियूष."

मग म्हणाला, "तूच सांगायचीस ना वर्गात, आईने मागितलेली माफी चालत नाही? फिर?"

पासवर्ड बदलला त्याने.

८ जुलै

दुपारी उमाशंकरचा मिस्ड कॉल. तिकडे लाइट गेली. मी इकडे हातात फोन घेऊन बसले. पासवर्डशिवाय काय करणार? फार थकवा आलाय. गुडघ्याचा नव्हे.

११ जुलै

पियूष जेवतो, ताट उचलतो, बोलत नाही. हे म्हणाले, "काय झालंय दोघांना?" काय सांगू? कॉम्प्युटरमधल्या गावावरून भांडलो म्हणून?

मुलगा वाईट नाही, हे रोज स्वतःला सांगते. रोज थोडं कमी पटतं.

१४ जुलै, सोमवार

मधल्या सुट्टीत उमाशंकरचा मेसेज — 'जीजी, आज पियूष का आया. लिखा है, वो माफी मम्मी ने माँगी थी, वो नहीं चलती. ये मैं माँग रहा हूँ. नीचे लिखा है, मम्मी को मत बताना.'

घरी आले. चहा ठेवला आणि लाइट गेली. आतल्या खोलीत पियूषने कुणालातरी मिस्ड कॉल दिला. कुणाला, ते मी विचारलं नाही.