तडजोड टिकली का?

३ फेब्रुवारी

चि. छोट्या,
अ. उ. आ.

सोबत एक फॉर्म आहे. घाबरू नकोस, कोर्टाचा नाही. एकवीस वर्षं लोकांची भांडणं मिटवली आणि आता आमचं तडजोड केंद्र म्हणतंय, मध्यस्थाचं प्रमाणपत्र नसेल तर एप्रिलपासून टेबलाशी बसायचं नाही. मग मी काय पाण्याचे पेले भरत फिरू? मुळीच नाही. परीक्षा देणार आणि पास होणार.

लेखी झाली. प्रात्यक्षिकात मात्र आपटले. परीक्षक बाईंचं म्हणणं, नवराबायकोने तोंड उघडायच्या आत मी तोडगा सांगून मोकळी झाले. आता यात चुकलं काय? असो, मार्चअखेर पुन्हा संधी आहे. त्याआधी एक जुनी तडजोड दाखवायची, आणि ती टिकली का हे त्यातल्या एकाने स्वतःच्या हाताने लिहायचं. मी आपली घरचीच दिली. नऊ वर्षांपूर्वी बाबा गेल्यावर तुम्हा भावांचं वाजलं होतं. मधल्याला सुतारकामाचं वर्कशॉप, तुला बाबांची हत्यारांची पेटी. अर्ध्या तासात मिटवलं होतं! शिकाऊ पोरींना मी अजून तोच दाखला देते. दोन ओळी खरडून पाठव.

गुडघ्याला जप, आणि फॉर्म भरण्यापुरता तरी लोभ राहू दे.
तुझी ताई

१४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

परीक्षक बाईंना माझा दंडवत सांग. शाळेत मास्तर मला नाव विचारायचे, तेसुद्धा तूच सांगायचीस.

फॉर्म कोराच परत पाठवतोय. बाकांच्या कारखान्यात दिवसाला दोनशे पायांना भोकं पाडतो, तरी दोन ओळी लिहायला हाताला वेळ आहे. पण खरं लिहिलं तर तुझं काम जाईल आणि खोटं माझ्याने लिहवत नाही. दुसरं एखादं प्रकरण दे. तुझ्याकडे काय तोटा आहे?

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
तुझा छोट्या

२२ फेब्रुवारी

चि. छोट्या,
अ. उ. आ.

पत्र वाचून डोक्यात सणक गेली. दोन दिवस भांडी आपटली. तेव्हा नंदीबैलासारखी मान डोलावलीस आणि आता हे!

तिसऱ्या दिवशी फॉर्म पुन्हा वाचला. खाली बारीक अक्षरात एक प्रश्न आहे: तुम्हाला काय हवं होतं, हे मध्यस्थाने विचारलं होतं का? मी खूप आठवून पाहिलं रे. नव्हतं विचारलं. नऊ वर्षांत एकदाही नाही. आज विचारते. माझ्या कामाची काळजी सोड आणि खरं लिही. मध्ये बोलणार नाही. पत्रात ते जमतही नाही, ते एक बरंच आहे.

वाट पाहणारी,
ताई

६ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मला वर्कशॉप नको होतं आणि पेटीही नको होती. मला दादाशेजारी उभं राहून काम करायचं होतं. त्याने फळीचं टोक धरायचं, मी करवत चालवायची, चौदाव्या वर्षापासून तेच. त्या दिवशी आम्ही भांडलो ते बाबांच्या जागेवर कोण उभं राहणार यावरून. संध्याकाळपर्यंत मिटलंही असतं. तू आलीस, चहा टाकलास, वाटणी सांगितलीस. दादाने मान हलवली. मला वाटलं, त्याला मी नकोच आहे. मग मीही हलवली.

तेव्हापासून आम्ही बोलत नाही. बोलत नाही म्हणून भांडत नाही, त्याला तू मिटलं म्हणतेस. पेटी माळ्यावर आहे, एकदाही उघडली नाही. फार दुखतं गं ताई.

फॉर्मवर 'नाही' लिहून सही केलीय. हवा तर फाडून टाक, मी कुणाला बोलणार नाही.

आहे तस्साच तुझा,
छोट्या

३० मार्च

चि. छोट्या,
अ. उ. आ.

फाडला नाही. तुझ्या 'नाही'खाली मी लिहिलं, मी विचारलं नव्हतं, आणि बाईंच्या हातात दिला. प्रकरण बाद झालं. नवीन प्रकरण सप्टेंबरात, तोवर मला टेबल बंद. रडले. पण सप्टेंबरात पुन्हा देणार, सोडते की काय!

प्रात्यक्षिक मात्र पास झाले. समोर दोन बहिणी गप्प बसलेल्या. मी टेबलाखाली स्वतःला चिमटे काढत बसले, मांडी काळीनिळी झालीय. शेवटी धाकटी आपण होऊन बोलली.

मधल्यालाही मी पत्रातून तोच एक प्रश्न विचारला. उत्तर आलंय. ते मी सांगणार नाही, तोच सांगेल. घरच्यांच्या भांडणात मध्यस्थ म्हणून बसायचं नाही असा आता नियम आहे, आणि तो बरोबरच आहे. दहा एप्रिलला दुपारी तीन वाजता, केंद्रातल्या दुसऱ्या बाईंसमोर बसायला तो तयार आहे. तू येशील का? तोडगा सांगत नाहीये. विचारतेय.

माझं चुकलं रे.
ताई

४ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

येतो. काल पेटी उघडली. रंध्याचं पातं गंजलं होतं, घासून ठेवलंय. तो दादाच्याच हाताला बसायचा, म्हणून सोबत आणतोय.

तू बाहेरच्या बाकावर बस. दाराला कान लावायचा नाही. कितीही वेळ लागला तरी आत यायचं नाही. अर्ध्या तासात बाहेर आलो, तर काहीच मिटलं नाही असं समज.

तुझ्या गप्प बसण्यावर लोभ जडलेला,
छोट्या