कोऱ्या पानावरची सही

९ डिसेंबर, सेमाडोह

आज जंगल दाखवाले नेलेल्या हॉलंडच्या म्हाताऱ्याचं वाघाकडं ध्यानच नव्हतं. युरोपातल्या देशायचा कारभार एक करायच्या कराराले त्याच्या लोकायनं मत टाकून नाई म्हटलं, तरी पुढाऱ्यायनं तोच करार नाव बदलून मंजूर केला. आता जाब कोणाले विचारायचा, म्हणे. मी हसलो. आमच्या इथं नावबी बदलत नाईत. वाघासाठी गाव उठवायले ग्रामसभेत सारे नाई म्हणाले, ठरावात आलं ‘सर्वानुमते मंजूर’. सह्या आमच्याच, सभेआधी कोऱ्या पानावर घेतलेल्या.

राग यायले पाह्यजे होता. काहून येत नाई?

संध्याकाळी ग्रामसेवक रजिस्टर घेऊन घरी आले. “भाऊ, उद्याच्या सभेची सही आजच देऊन ठेवा.” पान कोरंच होतं. सही केली. तारीख टाकाची राहिली, तर त्यायले फाटकातून वापस बोलावून तीबी टाकली. उद्याची.