बोटीवरची शेगडी

अहो,

देवाच्या कृपेने मी सुखरूप आहे. तुमचा गुडघा कसा आहे? तेल लावता ना?

काल मुलाने त्याच्या हौसेच्या बोटीवर गॅसची शेगडी बसवली. शेगडी कठड्याला घट्ट आवळली, पण सिलिंडर पायात येतो म्हणून बाकाखालच्या कप्प्यात ठेवला. मी त्या बाकावर बसले ती उठेचना. म्हटलं, "गॅस जड असतो. गळला तर बोटीच्या तळाशी साचेल. बाहेर बांध, म्हणजे वाऱ्यावर जाईल."

सूनबाई हसली, "आता तुझ्या आईंना कोण उठवणार?" शेवटी त्याने सिलिंडर कठड्याबाहेर बांधला.

मग घरी दर सिलिंडरला करते तसं जोडाला साबणाचं पाणी लावलं. बुडबुडे आले! दोघांचं हसू मावळलं. दुकानातून नवा वॉशर आणून बसवला, पुन्हा तपासलं, मगच देवाचं नाव घेऊन पेटवली. कणसं छान भाजली.

मुलगा म्हणाला, "बाबांना लिहू नकोस, तुला परत बोलावतील." पण तुमच्यापासून मी कधी काही लपवलंय? तुम्ही मात्र इतक्यात बोलावू नका. त्या शेगडीजवळ एक तरी शहाणं माणूस हवं.

तब्येतीला जपा.

तुमचीच