जकातीविरुद्ध एकेचाळीस मिनिटं

३ नोव्हेंबर, संध्या. ६.१०
अन्वीचा फोन. स्वतःहून! बायको शुभा तिला घेऊन जर्मनीतच आखनला वेगळी राहायला गेली त्याला दोन वर्षं झाली. लेकीचा हा दुसराच. पहिला वायफायच्या पासवर्डसाठी होता.
अकरावीच्या वर्गात पाच मिनिटांचं रेफेराट, म्हणजे तोंडी सादरीकरण, द्यायचंय. विषय: १८२८ची अमेरिकन जकात आणि तिचे विरोधक. मुद्दे सांगशील का, जर्मनमध्ये विचारलं. तीन वक्तृत्व करंडक जिंकलेल्या माणसाकडे मुद्दे मागते! संकल्प: भाषणच देणार. थोडक्यात.

५ नोव्हेंबर
एकोणीस पानं झाली. अजून १८२४ चालू आहे. ऑफिसला आजारी असल्याचं कळवलंय.
सूत्र पक्कं: उत्तरेतल्या गिरण्या जगाव्यात म्हणून परदेशी मालावर जकात, भुर्दंड मात्र दक्षिणेतल्या कापूसवाल्यांना. शेवटी साउथ कॅरोलिनाने ठणकावलं, हा कायदा आमच्या हद्दीत रद्द! लिहिताना माझेच डोळे भरून आले.

८ नोव्हेंबर
व्हॉइस मेसेज पाठवला. ४१ मिनिटं. खालच्या मजल्यावरच्या फ्राउ केलर छताला झाडू ठोकत होत्या. थोर वक्त्यांना विरोध व्हायचाच.

९ नोव्हेंबर
अन्वीने ऐकलं. दुप्पट वेगात. मध्येच शुभा म्हणाली म्हणे, अगं, बाबाला बंद कर, भात करपतोय. म्हणजे आवाज लगेच ओळखला! चांगलं लक्षण.

१२ नोव्हेंबर
अन्वीचा मेसेज: बाबा, पण तो कापूस वेचायचं कोण?
कळवलं, हे विषयाबाहेरचं आहे, आपण जकातीबद्दल बोलतोय.
उत्तर आलं: गेनाऊ. म्हणजे, अगदी बरोबर.
पटलं तिला.

१४ नोव्हेंबर
रेफेराट सतराला. रजा टाकली, आखनचं तिकीट काढलं. शाळेच्या फाटकाबाहेर उभा राहीन, मग तिघं जेवायला जाऊ. कुणाला सांगितलं नाही. सरप्राइज.

१७ नोव्हेंबर, दुपारी ३.४०, परतीची गाडी
भेटली. अरे बाबा, तू इथे? चक्क मराठीत. म्हणाली, रेफेराट मस्त झालं. माझं कुठलं वाक्य घेतलंस विचारलं. तिने मोबाइलवर स्लाइड दाखवली. लिहिलं होतं: जकातीविरुद्ध स्वातंत्र्याच्या गर्जना करणाऱ्यांना शेतातले गुलाम दिसत नव्हते. आजही काहींना दिसत नाहीत. खाली संदर्भ: श्रीपाद पेंडसे, व्हॉइस मेसेज.
जेवायला चल म्हणालो. मैत्रिणी थांबल्या होत्या. आधी विचारायचंस ना रे, म्हणाली. पाठीवर थोपटलंन आणि गेली. शुभाने फोन उचलला नाही.
गाडीत भाषण पुन्हा ऐकलं. साध्या वेगात. ‘गुलाम’ शब्द एकदा येतो: आम्ही कुणाचे गुलाम नाही!
तिथे टाळ्यांसाठी थांबलोय. सहा सेकंद. काही ऐकू येत नाही.