दारातून परत गेलेली घोंगडी

छत्रपती संभाजीनगर,
३ फेब्रुवारी २०२६

चि. मनस्विनीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

फोन केला की तुला नेमकी मीटिंग असते, म्हणून पत्र. ते कट करता येत नाही. पाच वर्षं त्या अजिनाथबरोबर हिंडलीस, मी तोंड शिवून बसले. त्याचे आईवडील मागणी घालायला येणार होते. अजून येताहेत! त्यांचं लासूर स्टेशन काय चंद्रावर आहे? दिवाळीपासून तो लग्नाचं नाव काढलं की नुसतं ‘बघू’ म्हणतो, हे तूच रडत सांगितलंस. बघायला तू काय वेरूळची लेणी आहेस? एप्रिलमध्ये तू जर्मनीला निघालीस की सगळंच संपेल, या धास्तीनं मला अन्न जात नाही. तुझ्या आईमागं तुला वाढवलं ते यासाठी? त्याच्या आईला आजच खरमरीत पत्र टाकलंय.

तुझी, रक्तदाब वाढलेली,
कालिंदीआत्या

लासूर स्टेशन,
११ फेब्रुवारी २०२६

कालिंदीताईंना राजाबाईचा नमस्कार.

लेकीच्या, सृष्टीच्या हातानं लिहून घेते. पत्र लई तिखट होतं, पण विचारलंत ते बरं केलं. ताई, आम्ही आलो होतो. दिवाळीच्या पाडव्यानंतर, भर दुपारी. मागणीला जाताना घरच्या लोकरीची घोंगडी न्यायची, ही आमची रीत. ती यांच्या खांद्यावर होती. तुम्ही दाराच्या जाळीतूनच म्हणालात, ब्लँकेटं आहेत आमच्याकडं, पुढच्या गल्लीत बघा. आम्हाला वाटलं, शहरात असंच नाय म्हणत असतील. पोराला एवढंच सांगितलं की आत्याच्या मनात नाय. तो तेव्हापासून गप आहे. आत्यानं वाढवलेली पोर आत्यापासून तोडायची नाय, म्हणतो.

तब्येतीला जपा.
राजाबाई

छत्रपती संभाजीनगर,
१७ फेब्रुवारी २०२६

सौ. राजाबाईंना,
कालिंदीचा साष्टांग नमस्कार.

पत्र तीनदा वाचलं. ती दुपार लख्ख आठवते. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी दहा वर्षं शिकवलं की दाराशी आलेल्याला आधी बसायला द्यावं. मी तुम्हाला घोंगड्या विकणारे समजून पाणीसुद्धा विचारलं नाही, आणि जो मुलगा माझ्यासाठी गप्प बसला त्यालाच चार महिने शिव्या घातल्या.

मनस्विनीला सगळं कळवलं. ती माझ्याशी बोलत नाही, पण शनिवारी पुण्याहून येते आहे. तुम्हाला पुन्हा या म्हणायला मला तोंड नाही. म्हणून आम्ही दोघीच रविवारी सकाळच्या एसटीनं येतो. ती घोंगडी कुणाला दिली नसेल, तर मागायला येते आहे. तुम्ही पुढच्या गल्लीत पाठवलंत तरी मी दारातून हलणार नाही.

लोभ असावा, हे लिहायचा हक्क रविवारी मिळाला तर लिहीन.

कालिंदी