ब्युटीचं कार्ड

३ ऑक्टोबर १९९६. सकाळ.
आधी कबूल करून टाकतो, मग पुढचं. साखरबाईच्या गाईचं कार्ड मी ढापलं.
आमचे अप्पा पणदऱ्यात डेअरीवर दूध घालून घेतात. गावातल्या प्रत्येक गाईचं पिवळं कार्ड आमच्या घरी पत्र्याच्या डब्यात असतंय. गाईचं नाव, दूध किती, बैल कुठला, गाय कधी भरवली. कार्ड बघितल्याबिगर डॉक्टर गाईला हात लावत न्हाय. कोरी कार्डं संपल्यात, म्हणून साखरबाईचं घेतलं. तिच्या कपिलेचं नाव खोडरबरनं घासलं आणि वर लिहिलं, ब्युटी. जात अल्सेशन. वय दोन वर्षं.
ब्युटी म्हंजी आमची कुत्री. कालपासनं माजावर हाय. इंदापूरच्या बापूसाहेबांकडं सुलतान हाय, प्युअर अल्सेशन. त्यांची अट अशी की मादीचा कागद दाखवा, मग बोला. गाईला कागद असतोय तर कुत्रीला का नसावा? घ्या म्हणावं कागद.

त्याच दिवशी. दुपार.
आमची थोरली बहीण मेघनाताई म्हणते ब्युटी निम्मीच अल्सेशन हाय. म्हणलं, निम्मी कुठली? वरची का खालची? कॉलेजात जाऊन पण उत्तर आलं न्हाय.

५ ऑक्टोबर.
डॉक्टर कुणाच्या तरी म्हशीला आलते. सहज विचारलं, कुत्रीला पिल्लं काढावी का? म्हणाले, वय? म्हणलं, दोन. म्हणाले, "सिद्धू, दोन वर्षांमागं पण दोनच सांगितलंतास." आठ वर्षांच्या कुत्रीला पयलं बाळंतपण नको म्हणाले. आत पिल्लू अडकलं तर आई पण जाती.
डॉक्टर गाई-म्हशीचा. कुत्र्यातलं त्याला काय कळतंय?
आणि आठ कशी? मी सातवीत होतो तवा ती आली, खरं हाय. पण मधी मी नववीत दोनदा बसलो. ते वर्ष मोजायचं कशाला? बारावी पण दोनदा. तेबी काढा. सहा झाली. सहाला काय होतंय!

७ ऑक्टोबर.
बुकिंग फुल. चौदा पिल्लं शब्दावर दिली. एक बापूसाहेबांचं, नर ज्याचा त्याला पयली निवड, ही रीतच हाय. बाकीची सांगवी, लोणी भापकर, आणि दोन तर थेट बारामतीला. आता गावात मला कुणी रिकामटेकडा म्हणून दाखवावं. ब्रीडर म्हणायचं.
ताई म्हणाली, तिला थानं आठच हायत. म्हणलं, पाळी लावू. नळावर न्हाय का लावत?

८ ऑक्टोबर. संध्याकाळ.
बारामतीला इकबालच्या स्टुडिओत गेलतो. कार्डावर फोटो पाहिजे, त्याबिगर वजन न्हाय. ब्युटीचा डावा कान पडका हाय. आतनं पुठ्ठा घालून चिकटपट्टी मारली, एकदम ताठ. मागं काश्मीरचा पडदा. इकबाल म्हणाला, "टाय घालू का पाव्हणीला?" त्याला म्हणलं, धंद्यात चेष्टा नको.
फोटो काढता काढता त्यानं डोळ्यावरचा कॅमेरा खाली घेतला. म्हणाला, "अरं, हिचं तोंड पांढरं झालंय की."
म्हणलं, लाईटनं दिसतंय.
फोटो फेव्हिकॉलनं चिकटवला. आता देव आला तरी निघायचा न्हाय.

१० ऑक्टोबर.
शेजारच्या चंद्राबाईनं गल्लीत ऐकू जाईल असं झापलं. "मुडद्या, आजीच्या वयाला बाळंतपण लावतूस व्हय तिच्या मागं? तू बसणार हाईस का उशाला?" म्हणलं, बसंन की. म्हणाली, "बस की. माझ्या शेळीला बसलातास, काय झालं?"
तिची शेळी गेल्या साली व्यायताना गेली. मी कंदील धरला होता. सकाळपतुर वरडत होती.
पण शेळी आणि अल्सेशन एक हाय का? उगंच लोकं कुठलं कुठं जोडत्यात.
ठरलं म्हंजी ठरलं. रविवारी दुधाचा टेम्पो इंदापूरला जाणार हाय. सोमनाथ ड्रायव्हर न्हेतो म्हणालाय, एका पिल्लाच्या बोलीवर. पंधरा झाली.

१२ ऑक्टोबर.
ब्युटीला आंघोळ घातली. शांपू ताईचा. ताईला अजून ठाऊक न्हाय.
ब्युटी जेवली न्हाय. आनंदानं आसंल.

१३ ऑक्टोबर. रविवार. टेम्पोतनं परत येताना लिहितोय, अक्षर हालतंय.
जे झालं ते लिहितो. माझी चूक कुठंच न्हाय.
बापूसाहेब वट्ट्यावर बसलेले. मोठा माणूस, गोठ्यात चाळीस गाई. कार्ड हातात घेतलं, चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचाय लागले. "ब्युटी. जात अल्सेशन. दूध... रोज अठरा लिटर?"
तेवढं खोडायचं राहिलं होतं.
गडी हसाय लागले. बापूसाहेब न्हाय हसले. म्हणाले, "आणि ही तर ऑगस्टात भरवलीया. दोन म्हैन्याची गाभण हाय. आता माझ्या सुलतानानं काय करायचं, डोहाळजेवण?"
मग हसले ते. पोट धरून.
मी पण हाटलो न्हाय. म्हणलं, कार्डाचं सोडा, कुत्री बघा. तवा ते उठले, ब्युटीच्या म्होरं बसले आणि बैलाचे बघत्यात तसे दात बघितले. बराच वेळ. तिच्या हनुवटीवरनं हात फिरवला. चिकटपट्टी सुटली, कान पडला. हळूच म्हणाले, "आठ तरी असंल. जगंल बी, न्हाई बी. मी कशाला खोटं बोलू? सुलतान तयार हाय, कुत्रं तुझं हाय. सोडू का?"
सुलतान साखळीला वडत होता. लई मोठा. सगळे माझ्याकडं बघत होते. पंधरा पिल्लं डोक्यात होती, त्यातल्या चारांना तर मी नावं पण ठेवलेली.
ब्युटी मागं सरकत सरकत आली आणि माझ्या पायाव बसली. दिवाळीत फटाका वाजला की बसती तशी. पायाव बसली की थरथर कळती.
मी म्हणलं, नको. तुमच्या सुलतानाची शेपटी मला पसंत न्हाय.
बापूसाहेबांनी शेपटीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग वाटीभर दूध मागवलं आणि ब्युटीच्या म्होरं ठेवलं. म्हणाले, "रोज अठरा लिटर देतीया बिचारी, एक वाटी घेऊ दे की."

१४ ऑक्टोबर. रात्री.
गावात सांगून टाकलं. सुलतान नापास. शेपटी वाकडी. असल्या नराला माझी ब्युटी देणार न्हाय, मग भले राष्ट्रपतीचा असो. बुकिंग कॅन्सल. सोमनाथ नाराज हाय, होऊ दे. मी निर्णय घेणारा माणूस हाय.
दुपारी साखरबाई कपिला घेऊन आली, गाभण तपासाय. डॉक्टरनं कार्ड मागितलं. मी फोटो काढाय बघत होतो, पण फेव्हिकॉल फेव्हिकॉलच. अप्पांनी माझ्या हातातनं घेतलं आणि तसंच डॉक्टरला दिलं. डॉक्टरनं फोटो बघितला, गाय बघितली. काश्मीरला कधी गेलतीस म्हणून गाईलाच विचारलं. साखरबाई म्हणाली, "माझ्या गाईला कुत्रं केलं ह्यानं!"
कोऱ्या कार्डांचा नवा गठ्ठा आलाय, तो अप्पांनी माझ्या म्होरं ठेवला. अख्ख्या गावाची कार्डं आता मी नव्यानं लिहायची. हे मी तिसावं लिहितोय. ब्युटी टेबलाखाली हाय. माझ्या पायाव.
तर आता, ही वही ज्याच्या हाताला लागंल त्याला. कार्डाचं सगळ्या गावाला कळलंय, त्याची मला फिकीर न्हाय, हसा. पण काल टेम्पोत, दुधाच्या कॅनांच्या मधी बसून, बारामती येईस्तवर मी ब्युटीच्या मानेत तोंड घालून रडत होतो. तेवढं कुणाला सांगू नका. पाया पडतो. मेघनाताईला तर न्हायच, ती जलमभर काढंल. चंद्राबाईला पण नको, ती जवळ घेईल.
कुणी विचारलंच तर शेपटीचं सांगा.